चिंबोरीचा फोटो

चिंबोरीने एकदा घोटा धरला की पंचांची शिट्टी वाजून गेली तरी तिची बोटं सुटायची नाहीत. समोरची मुलगी आधी दचकायची, मग ओरडायची, आणि शेवटी तिच्याकडे बघून हसायची. भाताच्या बांधातली चिंबोरी, म्हणजे खेकडी, अशीच धरते, म्हणून आमच्या शहापूरच्या कबड्डी संघात तिला खऱ्या नावाने कुणी हाक मारली नाही. ती उंबरमाळीकडच्या एका पाड्यावरची. डावा कोपरा सांभाळायची. मी चढाईला जायचे.

पेपरवाल्यांचं आणि माझं छान जमायचं. मी गोरी, वेणी लांब, आणि कॅमेरा दिसला की मला हसू आवरत नसे. मग दुसऱ्या दिवशी ‘मैदानावरचं हसरं फूल’ म्हणून आमची स्वारी हजर. गुण किती मिळवले हे शेवटच्या ओळीत, तेही जागा उरली तर. एकदा तर मला कोणती भाजी चांगली जमते तेही छापलं होतं. चिंबोरी ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायची आणि विचारायची, “गो, तुज्या वेणीला किती पॉइंट मिलाले?”

तिचा फोटो मात्र कधी आला नाही. पकड करणारी मुलगी जमिनीवर आडवी असते, तोंड मातीत. “पेपरला चेहरा लागतो, आन माजा चेहरा कामात असतो,” असं म्हणून ती विषय मिटवायची. भातसानगरला जिल्ह्याचा अंतिम सामना झाला. आम्ही एका गुणाने पुढे होतो, त्यांची शेवटची चढाई होती, आणि चिंबोरीने त्यांच्या सगळ्यात चपळ पोरीला मध्यरेषेच्या वीतभर अलीकडे लोळवलं. मी तेव्हा बाद होऊन बाहेर बसले होते. पेपरात चषक धरून हसणारी कोण? अर्थात मीच.

त्या सामन्यावरून राज्याच्या शिबिरासाठी तिची निवड झाली आणि प्रश्न उभा राहिला. दिवाळी झाली की त्यांचं घर भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचं. शिबिर नेमकं त्याच दिवसांत. तिचे बाबा माणूस म्हणून वाईट नव्हते, पण भट्टीवर प्रत्येक हात लागायचा. त्यांना वाचता येत नव्हतं. कसाऱ्याच्या चहाच्या टपरीवर ते पेपरातले फोटो तेवढे बघायचे. “खेलते म्हंतेस, पन पेपरात तर दुसरीच दिसते. तू तिथं काय करतीस?” असं त्यांनी तिला कितीदा तरी विचारलं होतं. शेवटी ते म्हणाले, “पेपरात खेलताना दिसलीस, तर जा.”

आमच्या सरांनी ओळखीच्या वार्ताहराला पाड्यावर धाडलं. सोबत मी होते. बिचारा उन्हातून चालत, चांगल्या मनाने आला होता. चिंबोरीने त्याला घोटा कसा धरायचा, चढाईवालीच्या डोळ्यांकडे न बघता तिच्या गुडघ्याकडे का बघायचं, ते सगळं समजावून सांगितलं. त्याने दोन ओळी लिहून घेतल्या. मग भट्टीचं कळलं आणि गडी एकदम खुलला. शेजारी कुणाच्या तरी घरकुलाच्या विटा पडल्या होत्या. त्या डोक्यावर घ्यायला लावून त्याने चारी बाजूंनी तिचे फोटो काढले. ती म्हणालीसुद्धा, “दादा, हे माजं काम हाय, खेल नाय. खेलताना काढा ना.” तो म्हणाला, “ताई, याने वाचकांच्या डोळ्यांत पाणी येईल.”

आलंही असेल. एवढा मोठा फोटो आमच्या संघात माझाही कधी आला नव्हता. खाली खेळाचं कौतुक भरपूर होतं, पण ते बाबांच्या काय कामाचं? त्यांनी पेपर लांब धरून बघितला आणि शांतपणे म्हणाले, “पेपरवाल्याला पन विटाच दिसल्या. मग चल.”

भट्टीकडे नेणारा टेम्पो निघायच्या आदल्या दिवशी ती संघाची जर्सी धुऊन, घडी करून मैदानावर घेऊन आली. “आले ना पेपरात? आता तरी हस की,” असं मलाच म्हणाली. मला हसता आलं नाही. त्या वार्ताहराचा मला इतका राग आला होता, की अजून पुरता गेलेला नाही. ती पुन्हा खेळायला आली नाही. दुसऱ्या वर्षी तिचं लग्नच झालं.

आता मी मुरबाडला शाळेत खेळ शिकवते. मुली जिंकल्या की पेपरवाले येतात आणि हमखास विचारतात, “मॅडम, हिच्या घरी जाऊन फोटो काढू का? चुलीपाशी?” मी सांगते, सामना चालू असताना या आणि कॅमेरा जमिनीलगत धरा. बहुतेकजण वैतागतात. गेल्या हिवाळ्यात एकाने मात्र ऐकलं. आमची कोपऱ्यावरची पोर मातीत पालथी, चेहरा अजिबात नाही, दिसतात ते फक्त तिचे दोन हात आणि त्यांत गच्च अडकलेला घोटा. खाली तिचं पूर्ण नाव.

ते कात्रण घेऊन मी चिंबोरीच्या सासरी गेले. बाबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. तिने ओले हात पदराला पुसले, कागद उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिली.

“असा फोटो असता ना,” ती म्हणाली, “तर बाबांनी पाठवली असती गो मला.”

मग तिने कात्रणाची घडी घातली आणि स्वतःजवळ ठेवून दिली. मी ते परत मागितलं नाही.