पदकाच्या वर्षाची राख

माझा नवरा हेल्दुर सदतीस वर्षं कंपनीत होता, पण काय काम करता असं कुणी विचारलं की "तेल कारखान्यात" एवढंच पुटपुटायचा. खरं तर तो राख टाकायचा. खाणीतला दगड भट्टीत तापवून कंपनी त्यातलं तेल काढायची आणि उरलेली राख रेल्वेच्या वाघिणीत भरून हेल्दुर गावाबाहेर नेऊन ओतायचा. एस्टोनियाच्या आमच्या सपाट मुलखात हा एवढा डोंगर उभा आहे, तो त्याच्यासारख्यांनी ओतलेला. कंपनीच्या क्लबात भट्टीवाले पुढे बसायचे, राखवाले मागे. मला त्याचा राग यायचा, आणि हेल्दुरच्या मान खाली घालण्याचा तर जास्तच.

गेल्या वसंतात कंपनीचा इतिहास लिहायला केर्त नावाची मुलगी आली. भट्टीवाल्यांकडे तिच्या चार-चार फेऱ्या झाल्या. आमच्याकडे आली ती शेजारचे भट्टीवाले घरी नव्हते म्हणून. मी कॉफी दिली, काळा पाव आणि लोणी पुढे केलं. पोरगी रडकुंडीला आली होती. रशियन राजवट संपून त्यांचे साहेब गेले तेव्हा कंपनीचे जुने कागद बंबात गेले, त्यामुळे साठ ते सत्तरची सगळी पानं कोरी. आणि म्हाताऱ्यांना विचारावं तर कुणाचं साल कुणाशी जुळेना.

हेल्दुरने हातातला पाव संपवला आणि फावडं उचललं. केर्त आणि मीही मागोमाग निघालो. असली संधी कोण सोडतंय?

रस्त्यासाठी जिथे डोंगर कापलाय, तिथे त्याने कडा खरवडून काढला. आत थरावर थर.

"हा लाल पट्टा बासष्टचा," तो म्हणाला. "नव्या भट्ट्या आल्या, दगड पुरता जळायला लागला."

"आणि हा काळा?" केर्तने विचारलं.

"सदुसष्ट. वरून घाई होती. तेल निम्मं दगडातच राहायचं आणि माझ्या वाघिणीत यायचं."

केर्तने वही चाळली. "काका, त्याच वर्षी तर कंपनीला पदक मिळालंय."

"मिळालं ना. जेवण पण होतं. आम्हाला नव्हतं बोलावलं."

मला हसू आवरेना. मग तीन दिवस तो तिला वर्षं दाखवत हिंडला: कुठली भट्टी कधी बंद पडली, कुठल्या हिवाळ्यात कामच थांबलं. जेवायला हाक मारली तरी यायचा नाही. इतका बोलका नवरा मी पन्नास वर्षांत पाहिला नव्हता.

शेवटच्या दिवशी केर्तने त्या कड्यापाशी त्याचा फोटो काढला आणि खाली काय लिहू म्हणून विचारलं. तेल कारखान्यातले ज्येष्ठ कामगार, असं चालेल का?

मी त्याच्याकडे बघत राहिले. आता हो म्हणेल आणि मान खाली घालेल, याची मला खात्रीच होती.

"नको," हेल्दुर म्हणाला. "राख टाकणारा, असं लिही. सदतीस वर्षं."

तिने लिहिलं. त्याने वाकून वहीत नीट पाहिलं, आणि आपलं नाव आधी घालायला लावलं.