बब्रुवानचा ब्रेक माझ्या तोंडी

हसणार असाल तर आधी तो चहा खाली ठेवा, मग सांगते. फजिती माझी स्वतःचीच आहे, दुसऱ्या कुणाची नाही.

नातू सांगतो, नव्या गाड्यांचा ब्रेक नुसता घट्ट दाबून धरायचा. आतल्या आत तो आपला आपणच दाब-सोड करतो, चाकं जाम होत नाहीत, गाडी घसरत नाही. असेल बाबा! ऐंशीनंतरच्या दुष्काळात, लोहाऱ्याकडच्या आमच्या गावात ते काम माझ्याकडं होतं.

विहिरी आटलेल्या. सोसायटीच्या जुन्या ट्रकवर टाकी बसवली होती, दिवसाआड पाणी यायचं. ड्रायव्हर बब्रुवान. गडी गुणाचा, पण गावच्या उतारावर सुटा मुरूम दिसला की घाबरून ब्रेकवर उभाच राहायचा. चाकं जाम, अन् ट्रक सरपटत खाली! एकदा अर्धी टाकी बांधावर सांडली. चेअरमन म्हणाले, "आणखी एकदा सांडलं तर टँकर दुसऱ्या गावाला."

मी सोसायटीची पंच. शाळेची पायरी चढले नाही. दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरं शिकले, आणि तालुक्यातल्या मेकॅनिकचं डोकं खाऊन ब्रेकही समजून घेतला होता. भर बैठकीत बोलले, "ह्याला मी शिकवते."

"काकू, तुमाला सायकल तरी येती का?" बब्रुवान.

"तुला ट्रक येतो न्हवं? मग घसरतो का रं?"

चार दिवस रिकाम्या ट्रकात त्याच्या शेजारी बसले. "मुरमावर ब्रेक दाबून धरायचा न्हाय. दाब, सोड. दाब, सोड. चाक फिरत राहिलं पायजे."

"कळतंय काकू, पण उतार दिसला की इसरतंय."

"मग डोकं लावूच नको. मी दाब म्हणलं की दाब, सोड म्हणलं की सोड. माझ्या शब्दाबिगर पाय हलला तर बघ!"

गुणाचा गडी! ऐकलं त्यानं. तेच नडलं.

पाचव्या दिवशी भरली टाकी घेऊन निघालो. पायथ्याशी नंबराला लावलेल्या घागरींची ही लांब रांग, बायका लिंबाच्या सावलीला. "दाब! सोड! दाब! सोड!" ट्रक कसा नव्या नवरीसारखा पाऊल मोजत उतरतोय! अन् मी खिडकीतून मान काढून अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडतेय. मिजास होती हो, नाही कशाला म्हणू?

तेवढ्यात रांगेशेजारी कोण उभं? माझे थोरले दीर! सकाळच्या एस्टीनं परगावाहून आलेले.

आता हे समजून घ्या. चेअरमनला मी भीत नाही, तहसीलदाराला भर कचेरीत जाब विचारलाय. पण थोरल्या दिरापुढं लग्नापासून वीस वर्षं तोंड उघडलं नव्हतं. रीतच तशी. ते दिसले की हात पदराकडं जातो आणि जीभ टाळूला चिकटते.

चिकटली. नेमकी 'सोड' म्हटल्यावर!

"काकू, दाबू का?"

मी पदर हनुवटीपर्यंत ओढलेला.

"दाबू का? ओ काकू!"

मी जोरजोरात मान हलवतेय. पदराआडची मान त्याला दिसणार कुठं?

दीर दोन उड्यांत पारावर. ट्रक घागरी-कळश्या चेपत गेला आणि उकिरड्यात नाक खुपसून थांबला. टाकीतलं थेंबभर पाणी सांडलं नाही! फक्त ते भरून न्यायला गावात धड घागर उरली नाही. त्या दिवशी बायकांनी परातीतून, डब्यातून पाणी नेलं, आणि प्रत्येक फेरीला माझा उद्धार केला. पाणी सांडलं नाही म्हणून टँकर तेवढा वाचला.

दीर धोतर झटकत आले. माझ्याशी बोलायची त्यांनाही चोरी. बब्रुवानकडं बघून म्हणाले, "आमच्या भावजयीला सांग, वीस वर्षांत आज पहिल्यांदा त्यांच्या बोलण्याची गरज पडली होती."

बब्रुवाननं शब्दन् शब्द मला सांगितला. अन् मी काय उत्तर दिलं म्हणता?

अहो, ते अजून समोरच उभे होते ना!