मोताळ्याच्या बाजारातलं सुईदोऱ्याचं दुकान

कापसाच्या वावरातून चालत घरी आलं की लुगड्याच्या काठाला कुसळं चिकटलेली असतात. आपण काही ती वेचायला गेलेलो नसतो! आमच्या दुकानातल्या किश्श्यांचंही तसंच आहे. मी सुया विकायला बसते, आणि संध्याकाळी घरी येते ती चार किस्से अंगावर घेऊन. झटकले तरी पडत नाहीत.

दुकान म्हणजे फार काही मनात आणू नका. मोताळ्याच्या आठवडी बाजारात एक बाज, तिच्यावर सुया, दोरे, क्रोशे, हूक, बटणं, मोजपट्ट्या. डाव्या हाताला रहीमचाचा, कात्र्यांना धार लावणारे. उजव्या हाताला स्टुलावर कमलमावशी. अंगणवाडीतून रिटायर झाल्या आणि दर बाजाराला माझ्याकडे येऊन बसायला लागल्या. कोणी सुई घेतली की तिला टाका फुकट शिकवतात. मी म्हटलं, "मावशी, घरी आराम करा ना." तर म्हणाल्या, "घरी कोणाले शिकवू, भिंतीले?"

*

दुकान सुरू झालं ते बोंडअळीच्या वर्षी. बोंडं वरून हिरवीगार, आणि फोडून पाहावं तर आत गुलाबी अळी झोपलेली! आमचे हे धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बसून राहायचे. मी पेटीतलं शिवणक्लासचं जुनं सामान काढलं आणि धामणगाव बढ्याहून एसटी धरली.

ऊन फार होतं. डोक्यावर सावलीला बांधायला घरात एकच गोष्ट होती, एका बीटी बियाण्याचं जुनं फ्लेक्स. त्यावर भोपळ्याएवढं कापसाचं बोंड आणि हसणारा शेतकरी. बांधलं तेच! पण तो हसणारा शेतकरी बाहेरच्या बाजूला आला हे माझ्या लक्षात नाही आलं.

सकाळपासून माणसांची रीघ. "बाई, हे बियाणं कसं पडलं?" "अळी लागत नाही ना याले?" सुई एक खपली नाही. सांगून सांगून माझा घसा बसला. शेवटी एक गृहस्थ चिडलेच. "बियाणं नाही तर मंग बोर्ड काऊन लावला?"

मावशी तेव्हा फक्त गिऱ्हाईक म्हणून आल्या होत्या, बटणं निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भाऊ, सुई घेऊन जा. उगवायची ग्यारंटी नाही, पण टोचायची पक्की हाये!"

तो माणूस हसला आणि सुयांचं पाकीट घेऊन गेला. ती माझी बोहणी! मावशींना मी त्याच दिवशी स्टूल दिलं.

*

एकदा मी तासभर दवाखान्यात गेले आणि दुकानावर आमच्या ह्यांना बसवलं. परत आले तर चेहरा खुललेला. "दोन विणायच्या सुया खपवल्या! दोन बाया आल्या होत्या, दोघीले एकएक देल्ली."

मी कपाळावर हात मारला. "अहो, एका सुईनं स्वेटर कसं विणतील? जोडी असते ती!"

हे म्हणाले, "बैलाची जोडी फोडून इकू नये, हे मले समजते. सुयांचीही जोडी असते हे कोण सांगावं मले?"

पुढच्या बाजाराला दोघीही आल्या, हातात एकेक सुई घेऊन. एक माळ्याची सून, एक मशिदीमागची फरजाना. भांडायलाच आल्या होत्या, पण माझ्या बाजेसमोर एकमेकींच्या सुया पाहून हसत सुटल्या. माझ्याकडे त्या नंबरची दुसरी जोडी नव्हती. मग दोघींनी ठरवलं, एकीनं पुढचा भाग विणायचा, दुसरीनं पाठ, आणि सुया या घरून त्या घरी फिरवायच्या. स्वेटर झालं फरजानाच्या लेकराला. आता दुसरं चालू आहे.

आमचे हे अजून सांगतात, "त्यायची सोयरीक म्या जुळवली!"

*

गंगाआजीची गोष्ट तर फारच जपून सांगावी लागते, कारण ती अजून दर बाजाराला येते.

सुईत दोरा ओवायचं एक बारकं यंत्र मिळतं. पत्र्याचा रुपयाएवढा तुकडा, त्याला केसासारख्या तारेचं टोक. तार सुईच्या नाकात घालायची, तारेत दोरा अडकवायचा, ओढायचं. झालं! आजीला दिसत नाही, म्हणून मी ते तिला करून दाखवलं. आजीनं स्वतः तीनदा ओवून पाहिलं आणि टाळ्याच वाजवल्या. "माय वो! आता सुनेच्या मागं लागणं सुटलं!"

पुढच्या बाजाराला आजी आली आणि यंत्र बाजेवर आपटलं. "हे वापस घे."

"मोडलं का आजी?"

"मोडीन कशाले! पण सुनेले 'सुई ओवून दे' म्हटलं का ती जवळ येऊन बसे. सुई ओवता ओवता घरातलं सारं सांगे. कोण काय बोललं, लेकराच्या शाळेत काय झालं. आता आठ दिवस झाले, मले घरातलं काहीच समजून नाही राह्यलं. हे तुझं पत्र्याचं दोरा तर ओवते, पण बोलत नाही ना!"

मी यंत्र परत घेतलं. आजी समाधानानं गेली. ती गल्लीच्या टोकाला पोचते न पोचते तोच सून हजर. पदर सावरत म्हणाली, "ताई, सासूबाईनं ते यंत्र वापस केलं ना? खरंच केलं ना?"

"हो. का गं?"

"काही नाही. घरात माह्यं ऐकणारंही कोणी नव्हतं आठ दिवस!"

*

रुख्माबाई कापूस वेचणाऱ्या बायकांची मुकादम. वेचणी सुरू झाली की बोंडाची वाळलेली टोकं बोटांत रुततात, नखांच्या कडा फाटतात. ती एकदा आली आणि होती नव्हती तेवढी सगळी अंगुस्तानं घेऊन गेली. अंगुस्तान म्हणजे शिवताना बोटावर घालायची लोखंडी टोपी.

पुढच्या बाजाराला सगळी परत! "बोटं वाचली, पण बोटाले कापूसच समजत नाही. बोंडात हात घालतो अन् रिकामाच वापस येतो!"

मावशींनी विचार केला. मग घरातल्या जुन्या टीशर्टांच्या बाह्या कापून बोटांच्या टोप्या शिवल्या, फक्त शेंडा उघडा ठेवून. लाल, निळ्या, पिवळ्या. रुख्माबाईची सगळी टोळी रंगीत बोटं घेऊन वावरात उतरली.

शेतमालक धुऱ्यावरून ओरडला, "काय वो रुख्माबाई, ऑपरेशन कराले आल्या का काय सगळ्या?"

रुख्माबाईनं वाकल्या वाकल्या उत्तर दिलं, "हाव! तुमच्या कापसाचं. तुम्ही बाहेर थांबा!"

*

रहीमचाचा पिंजारी. त्यांचे आजोबा गावोगाव कापूस पिंजत फिरायचे. एका बाजाराला गिऱ्हाईक नव्हतं, तर चाचांनी पिशवीतून टकळी काढली. हातानं सूत कातायची छोटी चाती, पितळेच्या चकतीची, आजोबांची. म्हणाले, "बेटी, थोडा कापूस दे."

घरी होता तो कवडी. अळीनं पिवळा पडलेला, सांधीकोपऱ्यात पडून राहिलेला, व्यापारी ज्याला हात लावत नाही तो. पुढच्या बाजाराला आमच्या ह्यांनी तोच सोबत आणला आणि लाजत लाजत पिशवीतून मूठभर दिला. "चाचा, याचं काही होत नाही."

चाचांनी तो बोटांनी मोकळा केला, केर काढला, टकळीला गिरकी दिली. टकळी भुईवर भिंगरीसारखी फिरायला लागली आणि चाचांच्या हातातून धागा निघायला लागला. जरा पिवळसर, कुठे जाड, कुठे बारीक. पण धागा!

आमचे हे जन्मभर कापूस पिकवत आले. कापूस गाडीत भरायचा, जिनिंगवर न्यायचा, संपलं. आपल्या कापसाचा धागा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. चाचांनी हातभर तोडून दिला. ह्यांनी तो दोन बोटांत धरला, उन्हाकडे करून पाहिला. मग उठले आणि बाजारभर फिरले. भेळवाल्याला, भांडेवाल्याला, मिरचीवाल्या बाईला. "ओढून पाहा. तोडून दाखवा!"

तासाभरानं आले. धाग्याचे दोन तुकडे झालेले.

मी म्हटलं, "तुटला?"

"मिरचीवालीनं तोडला," हे म्हणाले. "पण लय जोर लावा लागला तिले!"

त्या वर्षी धुऱ्यावर बसणं संपलं.

*

आता निनाजीभाऊंचं सांगते.

निनाजीभाऊ पलीकडच्या गावचे, पन्नाशीचे, उंच, अबोल. एका बाजाराला दुकानासमोर बराच वेळ उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "क्रोशाची सुई पाहिजे. अन् पांढऱ्या दोऱ्याचा एक गुंडा. बहिणीच्या पोरीले."

मी चार सुया पुढे केल्या. त्यांनी एकेक उचलून तिचं वाकडं नाक अंगठ्यावर घासून पाहिलं, गुळगुळीत आहे की नाही. एक निवडली आणि गेले. मावशी त्यांच्या पाठीकडे पाहत म्हणाल्या, "बहिणीची पोरगी कसची! या माणसाले स्वतःले येते."

महिन्याभरानं त्यांची बायको आली, शकूबाई. पदराच्या गाठीतून दोऱ्याचा एक तुकडा काढून बाजेवर ठेवला. "अस्साच दोरा पाहिजे. पण त्यायले समजलं नाही पाहिजे."

"कोणाले?"

"आमच्या घरच्यायले."

मग ती स्टुलाशेजारी खाली बसली आणि बोलायला लागली. बोंडअळीनं कापूस गेला तेव्हापासून माणूस बोलत नव्हता. जेवायचा, वावरात जायचा, यायचा. पण बोलणं बंद. "कोठ्यातलं फवारणीचं औषध म्या भावाच्या घरी नेऊन ठेवलं," ती म्हणाली. मावशींनी पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला.

"अन् परवा मी शिदोरी घेऊन गेली, तं हे निंबाखाली बसून क्रोशा करून राह्यले! यायच्या मायनं शिकवला होता लहानपणी. अन् बाई, गुणगुणून राह्यले होते. मी तशीच मागं फिरली. धुऱ्यावरून मोठ्यानं हाक मारली, मंग गेली. तोवर सारं पिशवीत लपवलं होतं."

"लपवतात काऊन?" मी विचारलं.

"लोक हासतीन म्हणून. दुकानात एकदा आले तेच लय झालं, पुन्हा येतीन असं वाटत नाही. गुंडा संपत आला हाये, ताई. संपला का हात पुन्हा रिकामे होतीन."

मावशी उठल्या. बारीक सुई घेतली. जुन्या दोऱ्याचं टोक सुईनं त्याच दोऱ्याच्या पिळात कसं परत ओवायचं, नव्याचं टोक त्यात कसं अडकवायचं, म्हणजे गाठ येत नाही, हे तिला दाखवलं. नवा दोरा आत ठेवायचा, जुना वरून गुंडाळायचा, म्हणजे भाऊंना नवं काही दिसणार नाही. शकूबाई दुपारभर बसून तेच करत होती. जमेना, उसवायची, पुन्हा करायची. शेवटी चाचांनी चष्मा लावून जोड शोधला. सापडला नाही!

"हे करशील कधी पण?" मावशींनी विचारलं.

"ते बैल पाजाले गेले का."

त्यानंतर हिवाळाभर, पुढं उन्हाळ्यातही शकूबाई येत राहिली. बोलायची थोडं. दोरा घ्यायची, पदराखाली लपवायची, जायची.

उन्हाळा सरत आला आणि एका बाजाराला समोर निनाजीभाऊ! दाढी केलेली, खांद्यावर पिशवी. सरळ बाजेशी आले आणि मोठ्यानं म्हणाले, "ताई, तुमचा हा दोरा कोण्या कंपनीचा हाये वो?"

मी विचारलं, "काऊन भाऊ? खराब निघाला का?"

"खराब नाही. संपतच नाही!" त्यांनी पिशवीत हात घातला आणि ओढायला लागले. पांढरंशुभ्र विणकाम निघतच राहिलं, निघतच राहिलं. "टीव्हीवर टाकाले रुमाल घेतला होता कराले. पाहा, पलंगपोस झाला! अन् गुंडा आहे तेवढाच!"

मावशींनी मान खाली घातली. चाचांचं धारेचं चाक थांबलं. "बरकत है भाऊ," चाचा कसेबसे म्हणाले.

निनाजीभाऊंनी पलंगपोस नीट घडी करून पिशवीत ठेवला. "आता एक सुई द्या अजून. अन् दुसरा गुंडा."

"हा तर संपत नाही म्हणता, मग दुसरा कशाला?"

"आमच्या घरच्यांसाठी. शिकवतो म्हणतो तिले." सुईचं नाक त्यांनी अंगठ्यावर घासून पाहिलं. "लय सफाईचा हात हाये तिचा, ताई. मी सारा पलंगपोस उलटापालटा करून पाह्यला, एक जोड सापडंन तं शपथ!"