पहिल्या कुकीचा अर्धा तुकडा
सविला एशच्या कुकीजमध्ये नवलाचं काही नव्हतं. लोणी, साखर, ताक, मैदा, चिमूटभर जायफळ आणि मधोमध एक बेदाणा. पण अमेरिकेतल्या लँकेस्टरच्या त्या अमिश, जुन्या रीतीने राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या वस्तीत रविवारची उपासना कुणाच्याही घरी असो, कुकीजचा डबा सविलाकडूनच जायचा. मोजमाप कधीच नाही. पीठ हाताला चिकटायचं थांबलं की पुरे, एवढंच ती सांगायची. उभ्या आयुष्यात तिला चर्चच्या मंडळीसमोर गुडघे टेकून चूक कबूल करावी लागली नव्हती. तिला त्याचा अभिमान होता, पण अभिमान धरणं हीसुद्धा चूकच, म्हणून ती तसं बोलून दाखवत नसे.

या रविवारी उपासना तिच्याच घरी होती आणि नेमकी ती गोठ्यात घसरली. डावं मनगट मोडलं. मदतीला फॅनी आली, मंडळीची शिस्त पाहणाऱ्या डीकनची बायको. शनिवारी सकाळी पीठ मळायला घेतलं, तोच दारात रोझॅना येऊन उभी राहिली.

रोझॅना सविलाची लेक. बाप्तिस्मा घेऊन, मंडळीला शब्द देऊन, मग ती परिचारिका व्हायला निघून गेली होती. शब्द देण्याआधीच गेली असती तर कुणी काही म्हटलं नसतं. आता ती वाळीत होती. तिच्याबरोबर एका टेबलाशी जेवायचं नाही, तिच्या हातातून काही घ्यायचं नाही. वर्षाकाठी कधीतरी यायची, ओसरीवर घटकाभर बसायची आणि तशीच जायची.

मनगटाचं कळलं म्हणून आले, असं म्हणून ती बाह्या सरसावून लाटायलाच लागली. सविलाने फॅनीकडे पाहिलं. कामाला हरकत नाही, असं फॅनी म्हणाली. तरी सविलाच्या जिवाला घोर लागला. प्रभुभोजनाचा विधी तोंडावर आला होता, आणि चूक कबूल केल्याशिवाय त्यात बसता येत नसे. आज लेकीच्या हातातून काही घेतलं गेलं, तर त्याआधी सगळ्यांसमोर गुडघे टेकणं आलं, आणि पाहणारी डीकनच्या घरातलीच. म्हणून साधा चमचा हवा असला तरी ती स्वतः उठायची, मैद्याच्या डब्यासाठी टेबलाला वळसा घालायची.

"बस की गं आई," रोझॅना म्हणाली. "मळणीवरच्या घोडीसारखी गोल गोल फिरतेयस."

फॅनी हसली. सविला हसली नाही.

रोझॅनाने भट्टीतून पहिली थाळी काढली. या घरात एक रीत होती: थाळी काढेल तिने पहिली कुकी मोडायची आणि अर्धी दुसरीला द्यायची. रोझॅनाचं नाक टेबलाच्या कडेला पोचायचं तेव्हापासूनची. रोझॅनाने कुकी मोडली, वाफ निघाली आणि सविलाचा उजवा हात पुढे गेला.

तिने तो पुढे केला नव्हता. तो गेला. स्वतःचाच उघडा तळवा तिला समोर दिसला. फॅनीचे हात पिठात जागच्या जागी थांबले.

रोझॅनाने त्या हाताकडे पाहिलं. मग अर्धी कुकी टेबलावर, त्या हाताच्या शेजारी ठेवली आणि एक पाऊल मागे सरली.

"गरम आहे तोवर उचल," ती म्हणाली.

जिच्यापासून सविला सकाळभर सांभाळून राहिली, तिनेच तिला सांभाळलं होतं.

"तू काही घेतलेलं नाहीस," फॅनी हळू आवाजात म्हणाली. "मी बघितलंय."

सविलाने विचारलं, "आणि मी तिला दिलं तर?"

फॅनी तिच्याकडे बघतच राहिली. "द्यायला कुणी कधी नको म्हटलं, सविला? घ्यायचं तेवढं नाही."

सविला बाकावर बसली. ओसरीवरून दरवेळी पोर रिकाम्या हाताने गेली होती. तो नियम नव्हता. ती भीती होती, आणि ती तिची एकटीची होती.

टेबलावरचा तुकडा तिने उचलला, मांडीवर धरून एका हाताने मोडला आणि बेदाण्याचा भाग पुढे केला. रोझॅनाचा हात लगेच आला, काही न विचारता.

ती दाराशी उभ्यानेच खाऊ लागली, बेदाणा शेवटी ठेवून. सविला नुसती बघत होती. दुसरी थाळी भट्टीत करपत चालली होती, आणि तो वास फक्त फॅनीला आला.