आईला सांगायचं नाव

पिशोरहून सकाळी सातच्या काळीपिवळीत (शेअरच्या जीपमध्ये) बसले आणि नेहमीप्रमाणे आईला फोन केला. "आसारामकाकांची गाडी." आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. आईची अट एकच: गाडीत बसलं की चालवणाऱ्याचं नाव कळवायचं. ज्या दिवशी नाव नाही, त्या दिवसापासून कॉलेज बंद. तिला लिहिता येत नाही. ती नावं लक्षात ठेवते.

त्या दिवशी मी बिडकीनजवळच्या औद्योगिक वसाहतीत निघाले होते. तिथे चालकाविना चालणाऱ्या गाडीची चाचणी होती, आणि नियम ठरण्याआधी लोकांची मतं घेणार होते. सरांनी वर्गातून माझं नाव दिलं होतं.

संभाजीनगरला उतरून मोबाईलवर रिक्षा मागवली. नाव, फोटो, नंबर, सगळं समोर आलं: सलीमभाई. आईला कळवलं. चितेगावला चहा-भजी घेताना मी कुठे चालले ते त्यांना सांगितलं.

"बिगर ड्रायव्हर की गाडी? मग भाड्यावरून भांडायचं कुणाशी?" ते हसले. मग म्हणाले, "हमारा तो बॅज, लायसन सब देखते. उसका क्या देखेंगे?"

वसाहतीत छोटी पांढरी गाडी उभी होती. आत स्टिअरिंगच नव्हतं. चार जण बसले, पाचवी मी. फोन काढला आणि तशीच उभी राहिले. कुठलंही नाव सांगितलं असतं तरी आईला कळलं नसतं.

"बसा ना ताई," चाचणी घेणारे साहेब म्हणाले.

"सर, आईला... कुणाचं नाव सांगू?"

लोक हसले. आतले एक आजोबा म्हणाले, "हसता काय? बराबर इचारतीय पोरगी."

"कंपनीचं सांगा," साहेब म्हणाले.

"कंपनीचं नाही, सर. माणसाचं."

साहेबांनी शेजारच्या खोलीतून एका मुलीला बोलावलं. "मी प्रज्ञा. पडद्यावर गाडी बघत असते. गरज पडली तर खोलीतूनच थांबवते, चालवते. माझं नाव सांगा."

आईला सांगितलं. "बाई हाय व्हय? बरंय मग."

गाडी चांगली चालली. शेळ्या आडव्या आल्या तेव्हा आपोआप थांबली. पण शेवटची शेळी गेल्यावरही हलेना. शेवटी प्रज्ञाताईंनी खोलीतून पुढे काढली.

मत लिहायचा कागद मी घरी आणला. काय लिहावं सुचत नव्हतं. संध्याकाळी भाकरी थापताना आईने नावं म्हणून दाखवली. "आसाराम, सलीम, प्रज्ञा, येताना पुन्हा सलीम, आसाराम. ती प्रज्ञा कुठली गं?"

"ती गाडीत नव्हती, आई. दूर खोलीत बसली होती."

आईचा हात थांबला. मला वाटलं, संपलं कॉलेज.

"एकच गाडी बघती, का लई?"

"विचारलं नाही."

"आन् ती जेवायला उठली तर?"

"तेही नाही विचारलं."

"मग इचार की." तिने भाकरी तव्यावर टाकली. "उद्या जीप सातचीच ना?"

मी कागदावर ते दोन्ही प्रश्न लिहिले. एवढ्या प्रवासात मला जे सुचलं नाही, ते तिला चुलीपाशी सुचलं होतं. खाली मत देणाऱ्याच्या नावाची ओळ होती. तिथे मी आईचं नाव लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं.