हाउन्सलोच्या काकांना कुणीतरी सांगा, ती गोड वाइन उघडू नका

मंडळी, शिव्या नंतर घाला, आधी पूर्ण वाचा.

मी लंडनमध्ये हाउन्सलोला वाइनच्या दुकानात कामाला आहे. दहावी नापास, खोकी उचलतो. आज दुपारी आईशी फोनवर बोलत होतो, ते ऐकून एक मराठी काका खूश होऊन जवळ आले. हातात फ्रान्सची गोड वाइन.

"बाळा, मला डायबेटिस आहे. यात साखर घालतात का रे?"

मी ऐटीत म्हटलं, "अजिबात नाही काका. द्राक्षाचाच गोडवा आहे."

"मग झालं तर! आज लग्नाला चाळीस वर्षं झाली. जेवताना हिच्यासोबत उघडतो." दोन बाटल्या घेऊन बस स्टॉपकडे गेले.

नंतर आमच्या सीनियरने समजावलं. रस आंबताना द्राक्षातल्या साखरेची दारू होते. या वाइनमध्ये आंबणं अर्ध्यावर असतानाच द्राक्षाचं कडक स्पिरिट ओततात. आंबणं तिथेच थांबतं आणि उरलेली सगळी साखर रसातच राहते. म्हणजे साखर घालत नाहीत, राखून ठेवतात! तीही भरपूर.

मी बस स्टॉपपर्यंत पळालो. बस गेली होती. मी नाव विचारलं नाही, नंबर घेतला नाही. मॅनेजर म्हणतो, "सोड ना, बाटलीवर लिहिलेलं असतं." पण काकांनी बाटली वाचलीच नाही, मला विचारलं.

राखाडी स्वेटर, डाव्या हाताला प्लास्टर, बोलणं साताऱ्याकडचं. सहा वाजत आलेत. कुणी ओळखतं का त्यांना?