रंभाबाईंची रविवारची पोथी

हिंजवडीजवळच्या नेऱ्यात मी ज्या इमारतीत भाड्याने राहते, ती रंभाबाईंची. भाताच्या खाचरांवर उभी राहिलेली. तळमजल्यावर त्या स्वतः, वर आम्ही भाडेकरू. वय ऐंशीच्या आसपास, अंगावर नऊवारी. भाडेकरूच्या दारासमोर चपला वेड्यावाकड्या दिसल्या तर त्या सरळ लावून मगच बेल वाजवतात. शाळेत त्या गेल्या नाहीत. पोथ्या मात्र जन्मभर ऐकल्या.

रविवारी संध्याकाळी आम्ही तिघे गच्चीवर पुस्तक वाचतो : मी, लातूरचा मनीष आणि अमरावतीची स्वरदा. ती दोघे हिंजवडीत कामाला. मोठ्याने वाचण्याचे काम माझ्याकडे. गेल्या फेब्रुवारीत आम्ही एक ऐतिहासिक रहस्यकादंबरी घेतली. मुळशीचे धरण बांधले जात असतानाचा काळ. पाणी चढणाऱ्या खोऱ्यातून एक मुलगी नाहीशी होते आणि एक म्हातारा फौजदार तिला शोधत गावोगाव हिंडतो.

वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करायला रंभाबाई वर आल्या आणि पहिली पाने ऐकून टाकीला टेकून बसल्या. पुढच्या रविवारी त्यांनी पाट आणला, त्यावर लाल कापड घातले. मनीषने पुस्तकावर चहाचा कप टेकवला होता, तो उचलून त्याच्या हातात दिला आणि पुस्तक पाटावर ठेवले. प्रकरण संपले की त्या हात जोडत. एका प्रकरणाच्या शेवटी सावकाराचा खून झाला, तेव्हाही जोडले.

“आजी, खून झालाय. नमस्कार कोणाला?” मनीष म्हणाला.

“आध्याय संपला नव्हं?”

आमची मते मात्र जुळेनात. ती मी त्या त्या दिवशी डायरीत टिपली आहेत.

“रहस्य कुठंय यात?” मनीष म्हणे. “मुलगी गायब, आणि फौजदार धुकं बघत बसलाय.”

“ते धुकंच तर छान आहे. तू ऑफिसात चुका शोधतोस तसं वाचू नकोस,” स्वरदा म्हणे.

मला भाषा आवडली होती, पण योगायोग फार वाटले. फौजदाराला हवा तो माणूस दर वेळी नेमका वाटेतच कसा भेटतो?

रंभाबाईंना विचारले तर त्या म्हणत, “त्या डोंगराकडचं वाचा की पुन्यांदा.” मग डोळे मिटून घेत. समोर इमारतींचे दिवे धुरकट हवेत एकेक करून लागत. मी वाचत असे, आणि साडीच्या काठाखाली त्यांच्या पायांचे अंगठे हळूहळू हलत, झोपेत चालणाऱ्या माणसासारखे.

पुस्तक निम्मे झाले तेव्हा मनीष दुसरे घेऊन आला. स्वरदाही कुरकुरत तयार झाली.

“उचललेली पोथी मदीच ठिवत न्हाईत,” रंभाबाई म्हणाल्या.

“आजी, ही पोथी नाही, कादंबरी आहे.”

“पाटावर बसलीया. आता पोथीच हाय.”

खाली उतरताना त्या जिन्यात थांबल्या. “बाई, माज्या आयची थोरली भैन हुती, धोंडी. पानी चढाय लागलं तवा समदी बिऱ्हाडं घिऊन निघाली. ही शेळी आणाय म्हागं फिरली, ती गेलीच. आय मरस्तोवर वाट बगत हुती. ह्या पुस्तकातली पोर घावली का न्हाई, येवढं मला ऐकू द्या.”

मी दोघांना ते सांगितले. मनीषचे दुसरे पुस्तक पिशवीतच राहिले. तो लवकर येऊन पाट मांडू लागला, मत मात्र बदलले नाही. “कंटाळा तोच आहे, काकू. पण वाचू.”

समाप्तीच्या दिवशी सकाळी स्वरदा माझ्या दाराशी आली. तिने शेवट आधीच वाचून टाकला होता. “काकू, ती सापडतच नाही. लेखकाने काही सांगितलंच नाहीये. आपण ‘ती सापडली’ असं वाचू या का?”

दिवसभर ते न लिहिलेले वाक्य माझ्या मनात घोळत राहिले. संध्याकाळी गच्चीवर तुपात भाजलेल्या रव्याचा वास आला. पाटावर झेंडू होता, रंभाबाईंनी धुतलेली साडी नेसली होती. मी जसे होते तसेच वाचले. फौजदार निवृत्त होऊन शेवटचा खोऱ्यात येतो. पाण्यावर धुके असते. पलीकडच्या काठावर कोणीतरी गवत कापत असते. बाई की पुरुष, ते त्याला दिसत नाही. तो नावेची वाट पाहत बसतो. एवढेच.

“फसवणूक आहे ही,” मनीष म्हणाला. “रहस्यकथा म्हणायचं आणि उत्तर द्यायचं नाही.”

“तुला रं कशाला उत्तर? तुजी कोन हरावलीया?” रंभाबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “बाई, ती बुडाली आसं लिवलंय का कुटं?”

“नाही.”

“नीट बगा.”

मी शेवटचे पान पुन्हा पाहिले, त्यामागचे कोरे पानही. “नाही. कुठेच नाही.”

त्यांनी मुळशीच्या दिशेला पाहिले. तिकडे आता फक्त अंधुक डोंगर होते.

“म्हंजी हाय ती,” त्या म्हणाल्या. “पल्याडच्या काठाला हाय.”

त्यांनी पुस्तकाला हात जोडले आणि द्रोणांत शिरा वाढला.

“पुढच्या ऐतवारी पयल्या आध्यायापासनं लावा.”

“आजी, परत?” मनीष म्हणाला.

“पोथी येकदाच वाचत्यात व्हय?”

त्याने कपाळाला हात लावला आणि द्रोण पुन्हा पुढे केला.